भाराइतका गूळ

कीर्तन उभ्यानंच करायचं असतं. गळ्यात हार, हातात झांज, मागे तबला-पेटी, आणि नमनापासून आरतीपर्यंत दोन पायांवर. सांगलीचे चिंतामणबुवा पंचवीस-तीस वर्षं तसे उभे राहिले. ऐन भरात आले की एका पायावर गिरकी घ्यायचे, आणि एवढा मोठा देह इतका हलका फिरतो कसा म्हणून बायका तोंडाला पदर लावायच्या. पण देह वाढत गेला आणि गिरकी गेली. मग जिने चढणं गेलं. मग एका श्रावणात, शिराळ्याला नागपंचमीच्या कीर्तनात, आख्यान निम्मं झालं असताना बुवांनी स्टूल मागितलं. गावकऱ्यांनी लगबगीनं आणून दिलं. बुवा बसले, आणि स्टूल मोडलं.

कुणी हसलं नाही. तेच बुवांना जास्त लागलं. तबलजी गुंडा त्याच गावचा. तबला बाजूला सारून त्यानं खांद्याचा आधार दिला आणि कानाशी म्हणाला, "सुतार चुकला बुवा, तुमी न्हाई. उटा." बुवा उठले, आरती करून मोकळे झाले. परतीच्या एस.टी.त मात्र सांगली येईपर्यंत त्यांनी खिडकीकडचं तोंड इकडे वळवलं नाही. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, उमाबाईंना कळत होतं. त्यांनी नुसता आपला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

उमाबाईंचा भाचा अनंत परदेशात सर्जरी शिकून नुकताच मुंबईला परतला होता. त्यानं बुवांना तपासलं, छाती ऐकली, दोन जिने चढायला लावले आणि म्हणाला, "काका, गुडघ्यांचं औषध गुडघ्यात नाही." फार जाड झालेल्या माणसाचं पोट ऑपरेशन करून लहान करतात, तिकडे काही वर्षं हे चाललंय, इकडे नवीन आहे, धोका आहे, असं सगळं त्यानं न लपवता सांगितलं. बुवांनी एकच विचारलं, "उभा राहीन ना रे?"

"राहाल. पण उभं राहणं टिकवायचं काम तुमचं."

चौऱ्याहत्तर साली ते ऑपरेशन झालं. आत बुवा, बाहेर बाकावर उमाबाई. त्यांची कुलदेवता औंधची यमाई. तिथंच बसल्या बसल्या त्यांनी हात जोडले. आई, ह्यांना उभं कर. उभे राहिले आणि पुढं तसेच टिकले, तर ह्यांच्या भाराइतका गूळ तुझ्या दारात वाटीन. तोवर मी गोड खाणार नाही.

उमाबाईंना ओळखणाऱ्याला ह्याचा अर्थ कळेल. ही बाई पुरण वाटताना पाट्यावरचं बोटानं चाटणारी. चहात साखर कमी पडली तर कप तसाच परत पाठवणारी. त्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा. संक्रांतीला दुसऱ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायचा आणि आपल्या हातावरचा पदराला बांधून घरी आणायचा. होळीला पोळ्या सगळ्यांच्या पानात, स्वतःच्या पानात साधी चपाती. कधी तक्रार नाही की मोठेपणा नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "नवस आहे," आणि विषय बदलत.

दवाखान्यातून सोडताना अनंतनं बुवांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. थोडं थोडं खायचं, चावून खायचं, जेवताना पाणी नाही, रोज चालायचं, आणि गोडाला हात लावायचा नाही. "पातळ गोड तर मुळीच नको. दूध, बासुंदी, रस. घट्ट अन्नाला ही लहान पिशवी अडवते, पातळ सरळ खाली उतरतं. काका, पोटाचं मी केलं. जिभेचं ऑपरेशन अजून निघालेलं नाही." आणि मावशीला म्हणाला होता, "दोन वर्षं वजन जागेवर राहू दे, मग मी जिंकलो म्हणेन." उमाबाईंनी ती दोन वर्षं मनात धरली.

सांगलीला आल्यावर पहिल्याच दिवशी शेजारचे चौकशीला आले. "बुवा, काय झालं होतं हो?"

बुवांच्या तोंडून निघून गेलं, "अल्सर."

का निघालं ते बुवांनाही माहीत होतं. त्यांचं सगळ्यात गाजलेलं निरूपण जिभेवरचं. देवानं जिभेला दोन कामं दिली, चव घेण्याचं आणि नाम घेण्याचं, आणि माणूस पहिल्यातच इतका गुंततो की दुसऱ्याला सवड राहत नाही. हे सांगताना ते अशी काही झांज वाजवत की लोक दोन-दोन दिवस घरी जेवताना कमी वाढा म्हणत. त्या माणसाला खाणं आवरलं नाही म्हणून डॉक्टरनं त्याचं पोट शिवलं, हे सांगायचं कसं? उमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या. त्यांना वाटलं, लाज आहे, चार दिवसांनी उतरेल.

लाज उतरली नाही, वजन उतरलं. झरझर उतरलं. दीड क्विंटलच्या आसपासचा माणूस वर्षाच्या आत शहाऐंशी किलोवर आला. सदरे शिवून लहान करावे लागले. बुवा उभे राहू लागले, आणि एक दिवस, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, त्यांनी परत गिरकी घेतली. गुंडाच्या तबल्याचा ठेका चुकला, इतका तो हरखला. उमाबाई बायकांत बसून डोळे पुसत होत्या.

इथवर सगळं देवाच्या दयेनं झालं. पुढचं बुवांनी केलं.

अल्सरच्या माणसाला दूध द्यावं, हे तेव्हा सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. जिथं कीर्तन तिथं बुवांसाठी दूध तयार. आजारातून उठलेला माणूस, त्यात कीर्तनकार, त्यात दारी आलेला. नुसतं दूध कसं द्यायचं? साखर घातलेलं, आटवलेलं, वर चारोळी. पहिल्या काही वेळा बुवांनी हात जोडले. "पथ्य आहे."

"आवं, दुधाला कुटलं पथ्य? दूध तर अल्सरचं औषिद."

बुवांपाशी ह्याला उत्तर होतं, पण त्यात अल्सर खोटा ठरत होता. शिवाय ते नैवेद्य दाखवून आणलेलं. प्रसाद परत करायला त्यांचा हात कधी धजला नव्हता. त्यांनी मनाची समजूत घातली, प्रसाद अन्नात मोजत नाहीत. आणि वाटी तोंडाला लावली.

कडेगावचे लालासाहेब मिलिटरीतून सुभेदार होऊन परत आलेले. दहा एकर ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, आणि घरात सत्तरी ओलांडलेली आई, तानुबाई, कीर्तनाची वेडी. त्यांच्या अंगणात मंडप घालून कीर्तन होतं. पूर्वरंग संपला, नामाचा गजर सुरू झाला, लालासाहेबांनी बुवांना हार घातला, बुक्का लावला. तेवढ्यात तानुबाई स्वतः पेला घेऊन आली. बासुंदी होती.

"घ्या बुवा. म्हशीचं हाय, घरचं. हाडावर मांस चडू द्या जरा."

बुवांनी पेला रिकामा केला, आणि खरं सांगायचं तर जिभेवर शेवटचा घोट जरा जास्तच वेळ ठेवला.

आख्यान सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. बुवांच्या कपाळावर घाम फुटला. छाती धडधडायला लागली. हात इतके कापू लागले की झांज आपोआप वाजायची. आवाज मध्येच तुटला. अनंतनं सांगितलं होतं तेच हे. गोड एकदम खाली गेलं की असं होतं. बुवांनी खांब धरला आणि डोळे मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी आलं.

पहिल्या ओळीत बसलेले एक म्हातारे शास्त्री भारल्यासारखे उठले. "अष्टसात्त्विक भाव!" ते म्हणाले. "स्वेद, कंप, स्वरभंग, अश्रू. काय भाग्य आपलं!"

मग काय, मंडप उठला. लोक पायांवर डोकी ठेवू लागले. तानुबाई तर पायच सोडेना. बुवांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बाई, ही तुझी बासुंदी आहे. पण तोंडातून शब्द निघाला नाही, आणि काही वेळानं शब्द काढावासा वाटलाही नाही.

परतीची एस.टी. सुटल्यावर गुंडा म्हणाला, "बुवा, बाकीच्यांला काय बी वाटूंदे. माज्या म्हशीला जास्ती पेंड झाली की ती बी आशीच थरथरती."

"गप रे."

"गप तर गप. पन जपा गड्या."

त्या दिवसापासून बुवांचं नाव आणखी पसरलं. साताऱ्याहून बोलावणं आलं, वाईहून आलं, तिथे तर खिरीची वाटी ठरलेलीच. पुढे पुढे त्यांना युक्तीही सापडली. एकदम पेला संपवायचा नाही. थोडं थोडं, दिवसभर. मग घामही येत नाही, कापरंही भरत नाही. साताऱ्याच्या यजमानांनी दिलेली कंदी पेढ्यांची पुडी त्यांनी पोथीच्या बासनात ठेवली. पोथीला पेढ्यांचा वास येऊ लागला. पाठ करायला बासन सोडलं की तो वास आधी यायचा आणि अक्षरं मागून. बुवा तेव्हा देवाच्या तसबिरीकडे न बघता वाचायचे. जिभेवरचं निरूपण त्यांनी सोडूनच दिलं. लोकांनी मागणी केली तर म्हणायचे, "आज दुसरा विषय योजलाय."

सांगलीत भाऊसोंची हळदीची वखार होती. पोती तोलायचा मोठा काटा तिथे. दर महिन्याच्या एक तारखेला बुवांनी तिथे जाऊन वजन करून यायचं, हे उमाबाईंनी घालून दिलेलं. सुरुवातीला बुवा हौसेनं जायचे. हमाल पोतं बाजूला करायचा, बुवा हळदीच्या धुळीत काट्यावर चढायचे, आणि घरी येऊन आकडा सांगायचे. एका महिन्यात आकडा दोन किलोनं वर गेला. "शहाऐंशी," बुवांनी घरी सांगितलं. पुढच्या महिन्यात काट्यावर चढायचा धीर झाला नाही. वखारीसमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथे बाकावर बसले. बसलं की रस येतोच. घरी आले.

"किती?" उमाबाईंनी बिनसाखरेचा चहा फुंकत विचारलं.

"तेवढंच. शहाऐंशी."

"यमाईची कृपा," त्या म्हणाल्या आणि समईची वात पुढे सारली.

सदरे परत घट्ट होऊ लागले तेव्हा बुवांनी शिंप्याला गुपचूप शिवण सोडायला सांगितली. उमाबाईंना म्हणाले, धुऊन आटले. गुडघा परत कुरकुरायला लागला, तर म्हणाले, थंडीचं. एकेक खोटं इतकं लहान होतं की बोलताना जड जायचं नाही. रात्री मात्र उमाबाई देवापुढे हात जोडून बसलेल्या दिसल्या की बुवा दाराआडूनच मागे फिरायचे. हिनं माझ्यासाठी गोड सोडलं. मी तिच्या वाट्याचंही खातोय.

दोन वर्षं भरत आली. उमाबाईंनी पौषात, यमाईच्या यात्रेच्या दिवसांत, नवस फेडायचा ठरवला. लालासाहेबांच्या कानावर गेलं तर ते उठून सांगलीला आले. "गूळ आमच्या गुऱ्हाळाचा. नाय म्हनू नगा वैनी. आईनं आन घातलीया. बुवा, भार सांगा, त्या मापानं ढेपा काडतो."

उमाबाई बुवांकडे बघत होत्या. बुवांनी सांगितलं, "शहाऐंशी."

त्या दिवसापासून बुवांनी ताकावर राहायला सुरुवात केली. अंगात ताकद राहिली नाही, पण वजन काही दिवसांत उतरण्यासारखं नव्हतं, हे त्यांचं त्यांना कळत होतं. उमाबाईंना वाटलं, तुलेआधी हे व्रत करताहेत. त्यांनी कौतुकानं ताकात जिरं घातलं.

औंधच्या एस.टी.त उमाबाई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर पूजेची पिशवी. कित्येक दिवसांत त्या इतक्या बोलल्या नव्हत्या. "अहो, एक सांगू? हसाल."

"सांग."

"गुळाचा पहिला खडा तुम्ही माझ्या तोंडात घालायचा. लग्नात घातला होता तसा. मी हातानं नाही घेणार."

बुवांनी मान हलवली. आत्ता सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात गाडी थांबली, शेळ्या घेऊन एक कुटुंब चढलं, गलका झाला, आणि बुवांनी तोंड मिटलं. त्यांना त्या शेळ्यांचा आधार वाटला, ह्याचीच नंतर त्यांना जास्त लाज वाटली.

देवळाच्या आवारात तीन बांबूंच्या तिकाटण्याला मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यावर घोंगडी अंथरलेली, दुसरं ढेपांसाठी. लालासाहेबांची बैलगाडी कडेगावाहून येऊन थांबली होती. तानुबाई नवं लुगडं नेसून पुढेच बसली होती. गुंडा तबला घेऊन आलेला, कारण संध्याकाळी तिथेच बुवांचं कीर्तन होतं. यात्रेला आलेली माणसं भोवती जमली.

बुवा घोंगडीवर बसले. ते पारडं जमिनीला टेकलं. गुरवानं देवीचं नाव घेतलं आणि लालासाहेब एकेक ढेप ठेवू लागले. मोठ्या आठ झाल्या. मग लहान ठेवली. मोजून आणलेला सगळा गूळ पारड्यात गेला, आणि पारडं वरच लोंबत राहिलं.

मग तानुबाई ओरडली, "आईनं जास्ती मागितलं रं!"

एकच जल्लोष उठला. लालासाहेबांनी हात वर केला. "गाडीत आनकी हायत! कमी न्हाई पडू द्यायचा! आणा रं!" आणखी एक मोठी ढेप आली. पारडं हललं, पण उतरलं नाही. तानुबाई हसत हसत म्हणाली, "माज्या बासुंदीचा गुन! बुवा कसं भरल्यात बगा!" आणखी गूळ आला. आता दोन्ही पारडी समोरासमोर आली, दांडी सरळ झाली, हलगी वाजू लागली.

तुला झाली होती. सगळे खूष होते. देवीनं जास्त मागितलं ही गोष्ट पुढच्या कित्येक यात्रांत सांगितली गेली असती. फक्त उमाबाई नंतर ठेवलेल्या ढेपांकडे बघत होत्या.

गुरवानं ढेपेचा खडा फोडून बुवांच्या हातात दिला. "घ्या, बाईंच्या तोंडात घाला. नवस सुटला."

बुवा पारड्यातून उतरून उमाबाईंसमोर उभे राहिले. उमाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आवाज चढवला नाही, चेहऱ्यावर काही आणलं नाही. भाजीत मीठ पडलं का विचारावं तसं विचारलं, "वखारीतला काटा बिघडलाय का हो?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. काटे बिघडतात. हळदीची धूळ बसते. उमाबाईंनीच दार उघडून दिलं होतं, आणि त्यांनी तोंडही उघडलं असतं. बुवांच्या बोटांत गूळ पाघळू लागला. दोन वर्षांचा कडू चहा त्या उघडणाऱ्या तोंडात होता.

"काटा बरोबर आहे," बुवा म्हणाले. "मी चढत नव्हतो त्याच्यावर. तुला उगाच आकडा सांगत होतो."

"कधीपासून?"

"गेल्या संक्रांतीच्या आधीपासून."

उमाबाईंनी ओठ घट्ट मिटले. बुवांनी खडा मुठीत धरला. हलगी थांबली, कारण वाजवणाऱ्याला दिसलं की काहीतरी राहून गेलंय.

"काय झालं ओ?" तानुबाईनं विचारलं. "घाला की खडा!"

बुवा वळले. कीर्तनात ते हजार माणसांपुढे अडखळले नव्हते, आता तानुबाईपुढे अडखळले. "तानुबाई, मला अल्सर नव्हता. कधीच नव्हता. मी फार खायचो. इतका जाड झालो की उभं राहता येईना, म्हणून डॉक्टरनं माझं पोट कापून लहान केलं. गोड खायचं नाही असं बजावलं होतं. तुमच्या घरी मला घाम फुटला, तो काही भाव नव्हता. बासुंदीनं झालं ते. आणि हा जास्तीचा गूळ देवीनं नाही मागितला. मी खाल्लेलं आहे ते."

पहिला गुंडाच म्हणाला, "मी म्हनलं व्हतं. म्हशीचं."

तानुबाई मात्र उठली. काठी टेकत बुवांजवळ आली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय? म्या घरच्या पोरांस्नी दुदाला हात लावू दिला न्हाई, बुवास्नी पायजे म्हून! म्या काय इख घालत व्हते तुमास्नी? आवं, सांगितलं आसतं तर ताक दिलं आसतं! ताक काय आमच्या घरात कमी हाय?"

"चुकलो," बुवा म्हणाले.

"चुकलाच तुमी! लय चुकला! पाप माज्या हातानं करून घेतलं!"

शिव्या बसल्या असत्या तर बुवांना बरं वाटलं असतं. पण म्हातारी रडायला लागली, आणि लालासाहेब तिला धरून बाजूला घेऊन गेले.

गुरवानं उमाबाईंना हळूच विचारलं, "बाई, मग तुलेचं काय करायचं?"

"गूळ आईच्या दारात आलाय, तो वाटून टाका. कुणाचं तोंड कशाला अडवायचं? पण नवस फिटला नाही. मी म्हटलं होतं, हे टिकले तर."

"उमा," बुवा म्हणाले, "चूक माझी आहे. तू तरी आज तोंड गोड कर. हवं तर मी आजपासून सोडतो गोड, तुझ्याऐवजी."

"तुम्ही सोडायचं ते पथ्य. तो नवस नाही," उमाबाई म्हणाल्या. "नवस माझा आहे. माझा तुम्ही घेऊ नका, आणि तुमचं मी करू शकत नाही." त्या जाऊन गूळ फोडायला बसल्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवत होत्या. हात चिकट झाले तेव्हा बोट तोंडाकडे न नेता उठून रांजणाच्या पाण्यानं धुऊन आल्या. बुवा दुरून बघत होते.

संध्याकाळी कीर्तन झालं. बुवांनी जिभेचं निरूपण लावलं, पण झांज जपून वाजवली आणि नेहमीचे विनोद गाळले. काही लोक उठून गेले. शास्त्र्यांसारखे भाविक होते, त्यांना फसवल्यासारखं वाटलं असेल, आणि ते बरोबरच होतं. मध्ये नामाचा गजर झाला तेव्हा तानुबाई परत पेला घेऊन आली. डोळे अजून लाल. पेला बुवांच्या हातात कोंबत म्हणाली, "ताक हाय. गुमान प्या." बुवांनी घेतलं. गिरकी त्या दिवशी जमली नाही. गुडघ्यानं साथ दिली नाही, आणि बुवांनीही फार ओढून धरलं नाही.

पुढच्या एक तारखेला बुवा वखारीकडे निघाले तर उमाबाई चपला घालून दारात. दोघं गेले. भाऊसो गादीवरून उठले. "वहिनी, आज तुम्ही?"

"काटा बघायला आले."

बुवा चढले. हमालानं वजनं ठेवली, काढली, परत ठेवली. भाऊसोंनी बोलायच्या आत बुवांनी स्वतःच मोठ्यानं आकडा वाचला. "एकशे दोन." हळद भरणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. उमाबाई म्हणाल्या, "बरं," आणि पदरानं त्यांच्या सदऱ्यावरची हळद झटकली.

बाहेर पडले, तर समोरच्या गुऱ्हाळातून रसवाला ओरडला, "या बुवा! लय दिसांनी! न्हेमीचा मोटा गिलास भरू का? बिनबर्फाचा?"

बुवा जागच्या जागी थांबले. उमाबाईही थांबल्या. त्यांनी रसवाल्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हे सांगायचं राहिलं होतं," बुवा म्हणाले.

"आणखी किती राहिलंय?"

बुवांनी मनातल्या मनात आठवून पाहिलं. शिंपी. वाईची खीर. पोथीचं बासन. उमाबाईंना त्यांचा चेहरा वाचता येत होता.

टांगेवाला पुढे आला. उमाबाईंनी त्याला हातानंच नको म्हटलं. "अनंतनं चालायला सांगितलंय ना? घर लांब आहे. चला, आणि सांगत चला. सगळं. मी मध्ये बोलणार नाही."

दोघं चालू लागले. ऊन कोवळं होतं, बुवांचा गुडघा दुखत होता, आणि उमाबाई त्यांच्या चालीनं हळू चालत होत्या. बुवांनी घसा साफ केला आणि साताऱ्याच्या पेढ्यांपासून सुरुवात केली.